पाहुण्यांवांचून दोन उन्हाळे

श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या रायगड जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या गांवांचा जुना आधार म्हणजे नारळी-पोफळीची वाडी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचें नांव ठाऊक नाहीं असें पानदान क्वचितच आढळेल. पुढें या आधाराला आणखी एक जोड मिळाली, ती मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांची. १९९७ सालीं दिवेआगरला पोफळीच्या बागेंत सुवर्णगणेश सांपडला आणि त्या गांवची वाट शहरांतील घराघरांत माहीत झाली. कुणी माडीवरच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या, कुणी पडवींत चार टेबलें मांडलीं, तर कुणी दारावर ‘घरगुती जेवण मिळेल’ एवढेंच लिहिलें. याला उद्योग म्हणावें असें त्या माणसांना स्वतःलाही वाटत नसे. पण मुलांचें शिक्षण आणि वाडीची मजुरी त्यावरच निघे.

२४ मार्च २०२० रोजीं टाळेबंदी जाहीर झाली, ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. या धंद्याचें वर्ष बारा महिन्यांचें नसतें. दिवाळीची सुटी, नाताळ आणि एप्रिल-मे एवढेंच त्याचें पीक. आगाऊ भरलेली रक्कम परत मागणारे फोन येऊं लागले. आणि ती रक्कम तर बहुधा गाद्या नि कौलें यांत आधींच गेलेली! ‘पैसे राहूं द्या, पुढें केव्हांतरी या,’ अशी विनवणी पुष्कळांनीं केली. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं ती मानली असेल, त्यांनीं नकळत एका घराला बिनव्याजी कर्जच दिलें.

खोल्या रिकाम्या असल्या तरी पाहुण्यांचीं नांवें वहींत होतीं. त्या वर्षीं कोंकणांतून आंब्याच्या पेट्या दलालाला वगळून थेट शहरांतील सोसायट्यांच्या फाटकाशीं उतरूं लागल्या. ज्यांच्यापाशीं अशी वही होती त्यांना गिऱ्हाईक शोधावें लागलें नाहीं. आंब्यापाठोपाठ आमसुलें, फणसपोळी, कुळथाचें पीठ हेंही त्याच पत्त्यांवर जाऊं लागलें.

एवढ्यांत ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्यापुढें कांहीं तासांतच वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचें रोप फळावर यावयास पांच-सात वर्षें लागतात. रोगानें पाहुणा नेला होता. पाहुणा नसतांना पोसणारी वाडी वाऱ्यानें नेली. आणि पाहुणा ज्या सावलीसाठीं येई, ती सावलीही त्या वाडीचीच होती.

जुलै २०२० मध्यें निवासगृहांना एकतृतीयांश खोल्या चालविण्याची मुभा मिळाली. तीन खोल्यांच्या घराला याचा अर्थ एक खोली! सप्टेंबरांत जिल्हा ओलांडण्याचा परवाना रद्द झाला, तेव्हां कोठें माणसें खरोखर येऊं लागलीं. परंतु घरांत सत्तर वर्षांची सासू आणि दारांत मुंबईचा पाहुणा, हा पेंच सरकारी नियमांनीं सुटणारा नव्हता. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें त्यांतून वाट निघाली. सारें घर एकाच कुटुंबाला द्यावयाचें, जेवणाचें ताट दाराशीं ठेवावयाचें, पाहुणा गेल्यावर खोली एक दिवस मोकळी सोडावयाची. त्या मोकळ्या दिवसाचें भाडें बुडे, तें कुणाच्या हिशेबांत धरलें जात नसे. संगणकावर कचेरीचें काम करणारे कांहीं जण मात्र आठवडा-आठवडा राहूं लागले. त्यांना समुद्रापेक्षां विजेची नि इंटरनेटची चौकशी अधिक!

एप्रिल २०२१ मध्यें दुसऱ्या लाटेनें दुसराही उन्हाळा नेला. त्या जूनमध्यें केंद्र सरकारनें मान्यताप्राप्त पर्यटनसंस्थांस दहा लाखांपर्यंत व परवानाधारक वाटाड्यांस एक लाखापर्यंत हमीचें कर्ज जाहीर केलें. योजना स्तुत्य खरी. पण पडवींत पानें वाढणारी बाई ना संस्था, ना वाटाड्या. नोंदणी म्हणजे कराला आमंत्रण, अशा समजुतीनें ज्यांनीं ती आजवर टाळली होती, त्यांना कागदाची किंमत कळली ती अशा वेळीं. तोंवर त्यांचा निभाव सोनें तारण ठेवून नि नातलगांच्या उसनवारीवर चालला होता.

१ एप्रिल २०२२ पासून राज्यांतील निर्बंध उठले आणि तो उन्हाळा पुन्हा पाहुण्यांचा झाला. वाड्यांतून नवीं रोपें लागलीं. त्यांच्या सावलीला अजून अवकाश होता. पाहुण्यांची ती वही मात्र कित्येक घरांनीं मिटली नाहीं. मे महिन्यांत ज्यांना खोली मिळत नाहीं, त्यांच्याकडे निदान आमसुलें तरी जातात.