सरकीचा अंकुर आणि मुलांचा प्रश्न
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंतांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज सत्कार झालेल्या मुलामुलींचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्या निमित्ताने एक विषय आपणापुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. सरकी आपल्या घराघरांत परिचयाची. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या ‘चांग-ए ४’ या यानाने चंद्रावर नेलेल्या एका बंद डब्यात याच कापसाच्या बीजाला अंकुर फुटला. चांद्ररात्रीच्या भयंकर थंडीत तो लवकरच करपला. तथापि बीज तेथेही रुजते, एवढे त्याने सिद्ध केले.

असे प्रयोग योजणे हे केवळ थोर शास्त्रज्ञांचेच काम आहे, असे मात्र नव्हे. १९७३ साली अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’ या अंतराळस्थानकात ज्युडिथ माइल्स या शाळकरी मुलीने सुचविलेला प्रयोग झाला. तिचा प्रश्न साधा होता: वजन जाणवेनासे झाल्यावर कोळी जाळे विणू शकेल काय? पृथ्वीभोवती फिरणारे स्थानक आणि त्यातील सर्व वस्तू एकाच वेगाने सतत पडत असतात, म्हणून तेथे वजन जाणवत नाही. कोळ्याने प्रथम वेडेवाकडे जाळे विणले. काही दिवसांनी मात्र ते पृथ्वीवरच्यासारखे होऊ लागले. धागा तेवढा अधिक बारीक होता.

आपल्या देशातही ७५ सरकारी शाळांतील ७५० मुलींनी मार्गदर्शनाखाली लहान लहान उपकरणे सिद्ध केली आणि त्यांतून ‘आझादीसॅट’ हा उपग्रह साकारला. ७ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून नव्या अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात तो निघाला. परंतु योग्य कक्षा न लाभल्याने तो वाया गेला. म्हणून कोणी हातपाय गाळले नाहीत. १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘आझादीसॅट-२’ कक्षेत स्थिरावला. अपयशाचे कारण शोधून पुन्हा उभे राहणे, हाच विज्ञानाचा खरा संस्कार होय.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीने काचेच्या पेल्यात ओल्या कापसावर हरभरे रुजविले होते. पेला आडवा केला की मूळ वळून पुन्हा खाली जाते, हे तिने स्वतः पाहिले होते. तिने विचारले, “गुरुजी, जिथे खाली-वर असे काही नसेलच, तिथे मूळ कुणीकडे जाईल?” मी म्हणालो, “पुस्तकात आहे तेवढेच लिही.” ती मुकाट्याने खाली बसली. पुढे दहावीनंतर तिचे लग्न झाले. कालांतराने माझ्या वाचनात आले की, नेमका हाच प्रश्न घेऊन शास्त्रज्ञांनी अंतराळस्थानकात रोपे वाढविली आणि तेथे मुळे प्रकाशापासून दूर जाताना त्यांना आढळली. त्या दिवशी माझी मान खाली गेली. तिच्या प्रश्नात उणे काही नव्हते. उणे माझ्या उत्तरात होते.

म्हणून मंडळाला माझी नम्र विनंती आहे. गुणांसाठी पारितोषिके आहेतच; त्यांच्या जोडीला मुलामुलींनी स्वतः योजलेल्या एका प्रयोगासाठी दरवर्षी एक पारितोषिक ठेवावे. त्यास खर्चिक साहित्य नको. चार पेले, मूठभर बी, एक वही पुरे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्यात आणि दिसले ते प्रामाणिकपणे लिहावे. अपेक्षेविरुद्ध काही दिसले तरीही लिहावे. त्या पारितोषिकासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति वाटा देण्यास मी तयार आहे.

मातापित्यांनो, घरातील मुलीने “असे का?” म्हणून विचारले, तर तिला गप्प करू नका. उत्तर ठाऊक नसेल तर “चल, करून पाहू,” एवढेच म्हणा. माझ्या हातून जे राहून गेले, ते आपल्या हातून घडो, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!