दुपारी एकपर्यंतचं समुपदेशन

गावोगावहून आलेल्या समुपदेशक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात; सरळ मुद्द्यावर येते.

तालुक्याच्या रुग्णालयात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात ते मोडतं. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना तिथे फुकट सल्ला मिळतो. आता एखादी सोळा वर्षांची मुलगी तिथवर कशी पोचते ते बघा. आधी केसपेपरची खिडकी. आतून प्रश्न येतो, नाव काय, गाव कुठलं, काय होतंय? तोही खड्या आवाजात. मागे रांगेत शेजारच्या आळीतली काकू उभी. मुलगी म्हणते, ‘पोटात दुखतंय.’ झालं! ती जनरल ओपीडीत जाते, गोळ्या घेते आणि घरी परतते. समजा, तिने धीर करून मैत्रीची खोली शोधलीच, तर ओपीडी दुपारी एकला आटोपलेली असते आणि त्याच वेळात तिचं कॉलेज असतं. सोबत आलेल्या आईची खुरपणीची हजेरी बुडते ती वेगळीच. फी शून्य, पण ही भेट त्या घराला केवढ्याला पडली?

आपल्यातले काही जाणकार म्हणतात, दहा रुपये तरी घ्या, फुकटाची किंमत राहत नाही. मला हे अजिबात पटत नाही. बापाच्या दारूबद्दल बोलायला येणाऱ्या पोराने ते दहा रुपये मागायचे कुणाकडे? बापाकडेच?

ज्या सेवा टिकल्या, त्या माणसांची वाट बघत बसल्या नाहीत. माणसं एरवी जिथे येतातच, तिथे जाऊन बसल्या. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष थाटला. पुढे राज्य सरकारने तो उचलून धरला आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. मार खाऊन आलेली बाई पोलिसांकडे येणारच होती. तिथे समोर समाजकार्यकर्ती भेटली. सासरच्यांना चर्चेला बोलावलं की तेही येतात, कारण शेजारच्या खोलीत खाकी वर्दी बसलेली असते. हे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या समुपदेशनात बसत नाही, पण कुटुंबाशी काम करायचं तर सगळं कुटुंब एका खोलीत यावं लागतं, आणि ते नुसत्या प्रेमळ आमंत्रणाने येत नाही.

गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने हाच अनुभव मोजून दाखवला. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी त्यांनी मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक तरुणींना शिकवून तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत बसवलं. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या तरुणींनी सांभाळलेल्या गटातले जवळपास ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ते प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होतं. खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे सरकारी केंद्राचं ते मळकं बाकडं वाटतं तितकं टाकाऊ नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आला, त्यातही दारापर्यंत जाते ती आशाताईच. ती बाळाच्या लसीची आठवण करायलाही येते, म्हणून ती ओसरीवर बसली तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

फोनवरच्या समुपदेशनाचं मी कौतुकच करते. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस लागतो, पैसे पडत नाहीत. पण दोन खोल्यांच्या घरात बारावीतला मुलगा बोलणार कुठून? गच्चीवरून, नाहीतर गोठ्यामागून, तेही आईच्या मोबाइलवर. कुणी आलं की फोन कट, आणि यादीतून नंबर पुसलेला.

एक अवघड गोष्टही इथे बोलायला हवी. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीच्या प्रेमसंबंधाबद्दल सांगू लागते. शारीरिक संबंधाचा विषय निघाला, की बाललैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ तुम्हाला बांधतं. पोलिसांना कळवावंच लागतं. आणि आपण तर भिंतीवर ‘तुमची माहिती गुप्त राहील’ असं लिहून ठेवतो! ती पाटी आधी दुरुस्त करा. काय गुप्त राहील आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत, तिने तोंड उघडण्याआधी सांगा. अशाने मुली गप्प बसतील, असं काही सहकारी म्हणतात. बसू द्या. आपल्याला बोलतं करून फसवलं, असं तिला वाटलं तर ती आयुष्यात पुन्हा कुणाशी बोलणार नाही.

शेवटी आपल्या पोटाचं. आपल्यातले बहुतेक अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. मानधन कधी येईल ते लेखा विभागालाच ठाऊक. मासिक अहवालात रकाना एकच : समुपदेशन केलेल्यांची संख्या. एखादा मुलगा पहिल्या तीन भेटींत नुसता मोबाइलच्या कव्हरचा कोपरा सोलत बसतो आणि चौथ्या भेटीत पहिल्यांदा डोळे वर करून बोलतो. भेटी चार झाल्या, अहवालात माणूस एकच. याच वेळात शाळेच्या पटांगणात दोनशे पोरांपुढे भाषण ठोकलं असतं तर आकडा दोनशेचा झाला असता. वर पाचव्या भेटीआधी करार संपला, की नवी ताई त्याला विचारणार, ‘बाळा, नाव काय तुझं?’

संध्याकाळच्या खुल्या सत्रात मोफत सेवांविषयीचा ठराव येणार आहे. मसुदा मी पाहिला. त्यात ‘शासनाने मोफत समुपदेशन केंद्रांची संख्या वाढवावी’ एवढंच वाक्य आहे. ते तसंच मांडलं तर अध्यक्ष असूनही मी विरोधात हात वर करीन. केंद्र संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं, केसपेपरच्या रांगेशिवाय आत जायला वेगळी वाट कुठून, समुपदेशकाची नेमणूक किमान किती वर्षांची, हे मसुद्यात लिहून आणा. अनुमोदन मी देते.