साबणाचे गाव आणि कोकोच्या मूर्ती



माझे शिक्षण झाले ते कारखान्याच्या दारात आणि फुकट वाचनालयात. अशा माणसाने शिल्पकलेवर काय बोलावे, असे कुणी म्हणाल तर ते रास्तच आहे. पण आजची शिल्पे मळ्यातल्या मजुरांनीच घडवलेली आहेत, म्हणून हे धाडस करतो.

काँगो देशात लुसांगा नावाचे गाव आहे. १९११ साली बेल्जियम सरकारने तिकडचा अफाट मुलूख इंग्लंडचे साबणवाले लीव्हर यांना तेलमाडांसाठी दिला. गावाचे नावही लेव्हरव्हिल झाले. सनलाइट साबण आपल्याकडेही घरोघरी आला. पण त्या धंद्याला लागणारे तेल कुणाच्या घामातून निघाले, हे वडीवर छापलेले नव्हते. तिथे माणसांकडून सक्तीने घड तोडून घेत. जागतिक मंदीत घडांचा भाव कोसळला; कर मात्र चुकला नाही. १९३१ साली पेंडे लोक उठले. बालो नावाचा बेल्जियन अंमलदार मारला गेला आणि त्याच्या बदल्यात सरकारने शेकडो पेंडे मारले. बालोचा खवळलेला आत्मा काबूत राहावा म्हणून पेंड्यांनी त्याची लाकडी मूर्ती कोरली. पुढे ती अमेरिकेतल्या एका संग्रहालयात गेली.

२०१४ साली तिथल्या मळेमजुरांनी आपले कलामंडळ काढले. ते मातीच्या मूर्ती घडवतात आणि त्यांचे साचे घेऊन कोको व पामतेलात त्या ओततात. ज्या पिकांनी त्यांना नागवले, त्याच पिकांच्या या मूर्ती! २०२४ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात हॉलंडच्या दालनात त्या मांडल्या गेल्या. त्याच सुमारास बालोची मूर्ती उसनी का होईना, लुसांगाला आली.

या कामात हॉलंडच्या एका कलावंताचा पुढाकार होता, आणि गिऱ्हाईक श्रीमंत देशांतलेच. हे मला टोचते. एका संपात आम्ही मोठा देखणा चित्ररथ काढला होता. वर्तमानपत्रात छायाचित्र आले, पगारवाढ आली नाही. तेव्हापासून मी विचारतो, टाळ्या थांबल्यावर कष्टकऱ्याच्या हाती काय राहिले?

लुसांगाच्या मजुरांनी विक्रीच्या पैशांतून मळ्याची जमीन विकत घेतली; तिथे ते झाडे आणि खाण्याची पिके लावतात. वाडवडिलांची जमीन विकत घ्यावी लागावी, हा अन्याय उरतोच. तो मिटवायला मूर्ती पुरणार नाहीत, संघटनाच लागेल. पण पायाखाली जमीन असली म्हणजे माणूस संघटनेत ताठ उभा राहतो, हे मी अनुभवाने सांगतो.