परवाना नाही, तर टाकीत पाऊल नाही
(कामगार सुरक्षा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी महागाई भत्त्यावर किंवा पेन्शनवर बोलणार नाही. त्या लढाया जिवंत माणूस लढतो. आज बोलायचे आहे ते बंदिस्त जागेत उतरणाऱ्या कामगाराच्या जिवाबद्दल.

बंदिस्त जागा म्हणजे जिथे आत-बाहेर करण्याची वाट अडचणीची, हवा खेळती नाही आणि जी माणसाने बसून काम करावे म्हणून बांधलेलीच नाही. तेलाची टँक वॅगन, इंजिनाची इंधन टाकी, बॉयलर, खोल संप, गटाराचे मॅनहोल ही आपली उदाहरणे. टपाल खात्यातील बंधूंनी हा विषय रेल्वेचा म्हणून सोडू नये. वसाहतीतली सेप्टिक टँक आणि जमिनीखालची पाण्याची टाकी याच जातीची आहे.

तिथे माणूस मरतो तो तीन कारणांनी. पहिले, प्राणवायू कमी पडतो. हवेत तो सुमारे 21 टक्के असतो. 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची. बंद लोखंडी टाकीला आतून गंज चढतो, तो गंजच प्राणवायू खातो. म्हणून रिकामी, कोरडी टाकीसुद्धा जीव घेते. दुसरे, विषारी वायू. गाळात तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो. पण वायू वाढला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजणारा फसतो. तिसरे, पेट घेणारी वाफ. वाफेने धुतलेल्या टाकीतही गाळ आणि खपल्यांत तेल दडून राहते. वेल्डिंगची उष्णता लागली की त्याची पुन्हा वाफ होते.

आपल्याकडे विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. तेलाच्या टाकीत ती स्फोटाला आमंत्रण आहे आणि विषारी वायू ती दाखवतही नाही. कोणी सिलिंडरमधला ऑक्सिजन आत सोडतात. तेही करू नका, त्याने आग भडकते. ताजी हवा ब्लोअरनेच द्यावी. तपासणी यंत्रानेच करावी: आधी प्राणवायू, मग ज्वालाग्राही वाफ, मग विषारी वायू, वर, मध्ये आणि तळाशी. काम चालू असतानाही तपासणी थांबता कामा नये.

आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. आतला पडला की बाहेरचा धावतो. माया असते, सोबती असतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने 1986 मध्ये दाखवून दिले की अशा जागांतील मृतांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. म्हणून बाहेरच्याने आत उडी घ्यायची नाही. दोर ओढायचा आणि मदत बोलवायची. त्यासाठी दोर आधीच आतल्याच्या पट्ट्याला बांधलेला हवा.

हे मी नवीन सांगत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 36 ने सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला, किंवा श्वसन उपकरण आणि बाहेरच्या माणसाच्या हाती दोर असलेला पट्टा, एवढे मागितले होते. कलम 36-अ ने आतल्या हातदिव्याला 24 व्होल्टची मर्यादा घातली होती. मात्र त्याच कायद्याने रेल्वेचे रनिंग शेड 'कारखाना' या व्याख्येतून वगळले होते. वायूला व्याख्या वाचता येत नाही, बंधूंनो! आता 2020 ची सुरक्षा संहिता आली आहे. कायद्याचे नाव बदलले म्हणून दाखला आणि दोर सुटता कामा नये.

गटार व सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी 30 लाख रुपये केली. पण भरपाई घरच्यांना मिळते, माणूस परत मिळत नाही.

आज उतरतो कोण? बहुधा ठेकेदाराचा माणूस. त्याच्याजवळ ओळखपत्र नसते, कधी बूटही नसतात. "दोन मिनिटांचे काम आहे, उतर," असे म्हटले की तो उतरतो, कारण नाही म्हटले तर उद्याची हजेरी जाते. तो आपला सभासद नाही, हे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. टाकी आपल्या डेपोतली, तिथे पहारा आपला हवा.

म्हणून प्रत्येक शाखेने पुढच्या बैठकीत चार मागण्या लेखी मांडाव्यात. एक, आपल्या हद्दीतील सर्व बंदिस्त जागांची यादी करून प्रत्येकीवर फलक लावावा. दोन, वायुतपासणी यंत्र, ब्लोअर, श्वसन उपकरण आणि तिकाटणे जागेवर असावे, स्टोअरच्या कुलपात नव्हे. तीन, प्रत्येक पाळीला नवा परवाना आणि बाहेर सतत एक प्रशिक्षित माणूस. चार, ठेकेदाराच्या कामगारालाही हेच सर्व नियम. आणि परवान्याशिवाय उतरण्यास नकार देणाऱ्यावर कारवाई नाही.

एकटा नकार देतो तेव्हा त्याच्या हाती चार्जशीट पडते. सारी शाखा त्याच्या मागे उभी राहिली, तर परवाना आणावाच लागतो. संघटना याचसाठी असते. हे काम प्रत्येक शाखेने हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!