वणावरचं गोंदण



माझ्या या डाव्या हाताकडे बघा. मनगटापासून कोपरापर्यंत हा जो पांढरट, सुरकुतलेला पट्टा दिसतो, तो आमच्या गुऱ्हाळघरातला आहे. मी सात वर्षांची होते. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या मळी काढत होता आणि मी ती बघायला वाकले. पुढची पंधरा वर्षं मी लांब बाह्या घातल्या. वैशाखातसुद्धा. लग्नाच्या बोलण्यात आईनं हा हात पदराखाली ठेवायला सांगितला होता, हेही मी विसरलेली नाही.

आज मी त्वचारोगांची डॉक्टर आहे. माझ्यासमोर बसलेला माणूस बाही वर करतो आणि विचारतो, "डॉक्टर, यावर टॅटू काढून घेतला तर चालेल का?" कुणाला ऊसतोडीत कोयता लागलेला असतो, कुणाला इचलकरंजीत मागावर इजा झालेली असते, कुणी फौंड्रीतल्या तापल्या लोखंडानं भाजलेला असतो, कुणी ताई स्टोच्या भडक्यातून वाचलेल्या असतात. जखम केव्हाच बरी झालेली असते. उरलेला असतो तो वण. आणि वणाचं दुखणं अंगापेक्षा लोकांच्या नजरेत जास्त असतं.

म्हणून आजचा विषय मी मागून घेतला. वण झाकण्यासाठी गोंदवून घेणं हे शहरातलं नवं फॅड आहे, असं पुष्कळांना वाटतं. ते तसं नाही.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. सूज उतरवण्यापासून जखम शिवण्यापर्यंत सगळं त्यात आहे. पण जखम भरली म्हणून सुश्रुत थांबत नाही. भरलेल्या जागी पांढरा डाग राहिला तर तो काळा करण्यासाठी 'कृष्णकर्म', काळा राहिला तर उजळण्यासाठी 'पांडुकर्म', आणि केस गेले असतील तर ते पुन्हा उगवण्यासाठी 'रोमसंजनन' हे उपचारही त्या साठांतच मोजले आहेत. कृष्णकर्मात बिब्ब्याचं तेल आणि जनावरांच्या जाळलेल्या खुरांची राख वापरायला सांगितली आहे. आता हे ऐकून घरी कुणी बिब्बा लावू नका. बिब्ब्यानं कातडी भाजते आणि एका वणाचे दोन होतात. मला त्यातला विचार महत्त्वाचा वाटतो. माणूस वाचला, जखम भरली, तरी वैद्याचं काम संपत नाही, कारण त्या माणसाला पुन्हा चारचौघांत वावरायचं असतं. हे आपल्याकडे फार पूर्वी कुणाला तरी कळलं होतं.

दुसरी परंपरा आपल्या आज्यांच्या हातांवर होती. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, विंचू, कमळ, नाहीतर भावाचं नाव. माझ्या आजीच्या दंडावरची तुळस उतारवयात हिरवट-निळसर दिसायची. गोंदणाची काजळी काळीच असते. पण ती कातडीच्या आत असल्यामुळे प्रकाश विखुरतो आणि रंग निळसर भासतो. "सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगती येतं," असं ती म्हणायची. सांधा दुखतो म्हणून त्यावर गोंदवून घेणाऱ्या बायकाही आपल्याकडे होत्या. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ गोंदणखुणा आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच झिजलेल्या सांध्यांजवळ आहेत. सुई आणि दुखणं यांचं नातं इतकं जुनं आहे.

पण मी आजीला एकदा विचारलं, "तुला हवी होती का गं ही तुळस?" ती म्हणाली, "मला कोण विचारतंय? दोघींनी धरलं, गोंदणारणीनं टोचलं. मी रडत होते." त्या उत्तरापासून मी गोंदणाकडे बघताना एक प्रश्न सोडत नाही: सुई कुणाच्या इच्छेनं टोचली?

कारण हीच सुई सत्तेच्या हातातही होती. कंपनी सरकारच्या काळात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला जाई. त्याला 'गोदना' म्हणत. ते कैदी पागोटं भुवयांपर्यंत ओढून घेत, कपाळावर केस वाढवत. ही शिक्षा १८४९ साली रद्द झाली. तरीही १९९३ साली अमृतसरमध्ये पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' म्हणजे पाकीटमार असं गोंदवलं. संबंधित पोलिसांना न्यायालयानं दोषी ठरवलं ते २०१६ साली. न्याय मिळायला तेवीस वर्षं! त्या बायकांनी ते कपाळ कसं वागवलं असेल, याचा विचार करा.

आता वणावर गोंदवून घेणाऱ्या माणसाकडे बघा. भाजणं त्यानं मागितलेलं नव्हतं. कोयता त्यानं मागितलेला नव्हता. त्या जागी पहिल्यांदाच काहीतरी त्याच्या मर्जीनं होत असतं. माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी पोटावरच्या शस्त्रक्रियेच्या वणावर जाईची वेल काढून घेतली. नवऱ्याशिवाय ती कुणाला दिसणार नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आंघोळीच्या वेळी मला दिसते ना." याहून मोठं कारण लागत नाही.

मर्जी असली तरी घाई नको. आता थोडं डॉक्टरी बोलते.

वण म्हणजे शरीरानं घाईघाईत मारलेलं ठिगळ. मूळ कातडीत कोलॅजनचे धागे टोपलीच्या विणीसारखे असतात; वणात ते एकाच दिशेला दाट पडतात. खोल वणात घामाच्या ग्रंथी नसतात, केसांची मुळं नसतात, आणि त्याची ताकद फार तर मूळ कातडीच्या ८० टक्क्यांपर्यंत येते. हे ठिगळ आधी लाल असतं, मग जांभळट होतं, मग फिकट आणि मऊ पडतं. याला एक ते दोन वर्षं लागतात. तोवर वण कच्चा असतो. कच्च्या वणावर सुई चालवली तर तो पुन्हा चिडतो.

गोंदणाची शाई वरच्या पापुद्र्याखाली, आतल्या थरात जाते. तिथल्या भक्षक पेशी ती गिळतात; एक पेशी मेली की दुसरी तेच कण उचलते, म्हणून गोंदण आयुष्यभर टिकतं. वणात मात्र शाई कुठं पसरते, कुठं धरतच नाही. रंग झाकला जातो, उंचसखलपणा झाकला जात नाही. तेव्हा अगदी सपाट होईल, अशी अपेक्षा धरू नका.

ज्यांच्या जखमेवर मांस वाढतं, ज्याला आम्ही केलॉइड म्हणतो, त्यांनी हा विचारच सोडावा. छाती, खांदा आणि कानाची पाळी इथं ते जास्त होतं आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत त्याचा धोका अधिक असतो. कान टोचल्यावर गाठ आली होती का, हे आठवा. कोडाच्या डागांवर रंग भरता येतो. पण कोड स्थिर नसेल तर सुईच्या इजेनंच नवा डाग उठू शकतो. मधुमेह आटोक्यात नसेल तर थांबा. तिळावर कधीच गोंदवू नका. त्यात बदल झाला तर कळणार नाही.

योग्य हातात हीच सुई औषध होते. १८६९ साली द वेकर या नेत्रवैद्यानं बुबुळावरच्या पांढऱ्या फुलावर शाई भरून ते झाकलं होतं. स्तनाच्या कर्करोगानंतर नवा स्तन घडवतात, तेव्हा शेवटी स्तनाग्राभोवतीचं वर्तुळ बऱ्याचदा गोंदणानंच रंगवतात. कित्येक बायका त्या दिवशी पहिल्यांदा आरशासमोर उभ्या राहतात.

जत्रेत मात्र हे करू नका. एकाच सुईनं, एकाच वाटीतल्या शाईनं दहा जणांना गोंदलं जातं, आणि त्यातून कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही पसरू शकतात. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, शाई तुमच्यासाठी वेगळी ओतली पाहिजे, हातमोजे नवे पाहिजेत. यांतलं एक जरी नसेल तर उठून या. आणि पहाटे रस्त्यानं धावणाऱ्या माझ्या मुलांनो, सैन्यभरतीत कायमचं गोंदण हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला, एवढ्याच जागी चालतं. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे. दंडावरचा वण झाकायला गेलात आणि भरती हुकली, असं होऊ नये.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही. काही मुलामुलींच्या मनगटावर आडव्या रेघा असतात. ब्लेडच्या. जुन्या असतील आणि तो काळ मागं पडला असेल, तर त्यांवर फूल काढून घेणं हा त्यांचा हक्क आहे. पण रेघा ताज्या असतील तर त्यांना सुई नको, माणूस हवा. आईबापहो, रागावू नका; जवळ बसा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. घरी गेल्यावर हा क्रमांक लिहून ठेवा.

जयसिंगपूरपासून जवळच खिद्रापूर आहे. कोपेश्वराच्या मंदिरात किती मूर्तींचे हात तुटलेत, किती हत्तींच्या सोंडा फुटल्यात. आपण तिथं जातो आणि थक्क होऊन बघत राहतो. त्या तुटक्या हातामुळे मूर्ती कमी सुंदर आहे, असं कुणी म्हणत नाही. एवढी उदार नजर आपण दगडाला देतो. भाजलेल्या मुलीला देत नाही. तिला बघायला आलेले लोक चहा पिऊन उठतात आणि निरोप धाडतात.

माझ्या हातावर मी काही काढून घेतलं नाही. बाह्या आखूड केल्या, एवढंच. तो माझा निर्णय. वेल काढून घेणाऱ्या ताईंचा निर्णय त्यांचा. दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन्ही आमचे आहेत.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. उद्या कुणाच्या हातावर, गळ्यावर, चेहऱ्यावर वण दिसला तर "हे काय झालं?" असं पहिल्या भेटीत विचारू नका. त्यावर गोंदण दिसलं तर "कशाला केलंस?" असंही विचारू नका. नाव विचारा, गाव विचारा, चहा द्या. वणाचं त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.