यंत्र ओ देईना तेव्हा

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनी पुढे सरका.

आज आम्ही तुमच्याशी कॉम्प्युटरविषयी बोलणार आहोत. काहीजणी हसताहेत. त्या म्हणतील, गुरुजी, आम्ही आत्ता कुठे जोडाक्षरे वाचायला लागलो आणि तुम्ही कॉम्प्युटर काढला! पण तो आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. दूध संकलन केंद्रावर तो आहे. सातबारा त्यातूनच निघतो. पुष्कळ घरांत पोरांच्या शिक्षणासाठी घेतलेला आहे. आणि तो चालता चालता मध्येच अडतो, हेही तुम्ही पाहिले आहे. पोरं म्हणतात, 'हँग झाला.'

हँग होणे म्हणजे काय? पडद्यावर चित्र दिसते, पण हलत नाही. माऊस फिरवला तरी बाण जागचा सरकत नाही. कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. भर रस्त्यात बैल बसावा, तशी गत.

आमच्याच घरी घडलेले सांगतो. आमचे गाव नेवासे तालुक्यातले. नगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी आमच्या तोंडात अजून नगरच बसलेले आहे, तेवढे सांभाळून घ्या. तर आमची सून एका बचत गटाचा हिशेब ठेवते. गटात बारा बायका. कुणाला शेळ्या घ्यायच्या होत्या, कुणाला शिलाई मशीन. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत कर्जाचा अर्ज द्यायचा होता, आणि त्याला वर्षाचा हिशेब जोडायचा होता. सूनबाई संध्याकाळी सहापासून वहीतले आकडे कॉम्प्युटरवर भरत बसली होती. रात्री नऊच्या सुमारास तिने हाक मारली, "आबा, हे हँग झालं."

आम्ही गेलो. आधी डब्यावर एक टपली मारली. शाळेतली सवय, दुसरे काय! टपलीने काही झाले नाही. मग आम्ही खाली वाकलो आणि भिंतीतली पिनच उपटली. ती "आबा, थांबा" म्हणेपर्यंत वायर आमच्या हातात होती.

पुन्हा सुरू केले, तेव्हा सहा वाजल्यानंतर भरलेला एकही आकडा शिल्लक नव्हता. तिने मध्ये 'सेव्ह' केलेले नव्हते. वही होती म्हणून गटाची अब्रू वाचली. रात्री दोन वाजेपर्यंत ती पुन्हा सगळे भरत बसली. आम्ही शेजारी बसून आकडे वाचून देत होतो. ती आम्हाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी आमची एक जुनी विद्यार्थिनी आहे. पुढे आम्ही तिला घरी बोलावले. ती म्हणाली, "गुरुजी, सोसायटीचा सचिव खातेवहीत रक्कम लिहितोय आणि तुम्ही त्याच्या हातातून वहीच ओढून घेतली, तर काय होईल? अर्धी रक्कम लिहिलेली, अर्धी नाही. पिन उपटली की आत तसंच होतं. तुमचं नुसतं न लिहिलेलं गेलं. कधी कधी लिहिलेलंसुद्धा खराब होतं."

मग तिने हँग होण्याची कारणे सांगितली. ती आम्ही आपल्या भाषेत सांगतो. तुम्ही प्रवरानगरचा साखर कारखाना पाहिला असेल. १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांनी सहकारातून उभा केलेला. तिथे हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागते. गव्हाणीत पडेल तेवढाच ऊस पुढे जातो. गाड्या दुप्पट आल्या म्हणून गव्हाण मोठी होत नाही. रांग फक्त लांबते. कॉम्प्युटरच्या आतही काम करायची जागा अशीच ठरावीक असते. तिला मेमरी म्हणतात. आपण हिशेब उघडतो, त्यावर गाणी लावतो, नातवाचा खेळ तसाच चालू ठेवतो, वर इंटरनेटची दहा पाने उघडतो. मग मेमरी भरते. यंत्र एक काम उचलून बाजूला ठेवते, दुसरे आणते, पुन्हा पहिले आणते. या उचलाठेवीतच त्याचा वेळ जातो. आपल्याला वाटते, ते मेले. खरे म्हणजे ते धावत असते.

ही अडचण फार मोठ्या ठिकाणीही आलेली आहे. २० जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन हे दोघे अमेरिकन चंद्रावर उतरत होते. उतरण्याच्या शेवटच्या मिनिटांत त्यांच्या यानातल्या कॉम्प्युटरवर कामाचा बोजा जास्त झाला आणि तो इशारे देऊ लागला. पण तो करणाऱ्यांनी आधीच तजवीज केली होती. बोजा वाढला तर बिनमहत्त्वाची कामे टाकायची, स्वतःच पुन्हा सुरू व्हायचे आणि यान उतरवण्याचे काम चालू ठेवायचे. तसे झाले आणि दोघे सुखरूप उतरले. आपल्या घरच्या कॉम्प्युटरला मात्र कोणते काम महत्त्वाचे ते कळत नाही. नातवाचा खेळ आणि गटाचा हिशेब त्याला सारखेच. निवड आपण करायची.

आमच्या घरात दुसरेही कारण निघाले. कॉम्प्युटरचा डबा आम्ही जमिनीवर, बाजरीच्या पोत्याला टेकवून ठेवला होता. हवा जायची भोके पोत्याने बुजली होती. त्या मुलीने डबा उघडला, तर आतल्या पंख्यावर गोधडीतल्या कापसासारखा धुळीचा थर. पंखा अडला की यंत्र तापते. तापले की स्वतःला वाचवायला काम हळू करते, आणि फारच तापले तर बंद पडते. चैत्र-वैशाखात आपल्याकडे माणसाचीही तीच तऱ्हा होते. आता डबा टेबलावर आहे. पोते स्वयंपाकघरात गेले. त्यावर घरात थोडी कुरबुर झाली, ती असो.

आता हँग झाल्यावर करायचे काय? पहिली गोष्ट, थांबायचे. चहा होईल इतका वेळ थांबा. डब्यावरचा बारीक दिवा लुकलुकत असेल तर आत काम चाललेले आहे. अशा वेळी कळा बडवू नका. तुम्ही दहा कळा दाबल्या तर त्याच्यापुढे आणखी दहा गाड्या उभ्या राहतात. कीबोर्डवर डावीकडे 'कॅप्स लॉक' नावाची कळ असते. बहुतेक कीबोर्डांवर तिचा छोटा दिवा असतो. ती दाबल्यावर दिवा लागला आणि पुन्हा दाबल्यावर विझला, तर यंत्र जिवंत आहे असे समजा.

थांबूनही हलले नाही, तर तीन कळा एकदम दाबायच्या: कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट. ही युक्ती १९८१ च्या सुमारास डेव्हिड ब्रॅडली नावाच्या इंजिनिअरने काढली. तो आयबीएम कंपनीत होता. कळा मुद्दाम लांब लांब निवडल्या, कारण चुकून हात लागून काम बुडू नये. त्या काळी या कळांनी यंत्र थेट पुन्हा सुरू होई. आता विंडोजच्या यंत्रात त्या दाबल्या की एक यादी येते. तीत 'टास्क मॅनेजर' निवडायचा. म्हणजे चालू कामांचा हजेरीपट. ज्या नावापुढे 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहिलेले असेल, ते काम हाकेला ओ देत नाही. अक्षरे इंग्रजी आहेत, पण ती कशी दिसतात ते एकदा कागदावर गिरवून ठेवा. त्या नावावर बोट ठेवायचे, म्हणजे माऊसने निवडायचे, आणि 'एंड टास्क' म्हणायचे. एकच काम बंद होते. त्या कामात सेव्ह न केलेले असेल ते जाईल, बाकीची कामे वाचतात. वर्गातून एका द्वाड पोराला बाहेर काढावे तसे.

याही कळा चालल्या नाहीत, तर शेवटचा उपाय. चालू करायचे बटण दाबून धरायचे आणि मनात एक ते दहा मोजायचे. यंत्र बंद होईल. अर्धा मिनिट जाऊ द्या, मग चालू करा. चालू होताना ते स्वतःची तपासणी करू लागले तर करू द्या, मध्ये बोट घालू नका. रोज रोज हँग होत असेल तर जाणत्याला दाखवा. आतली डिस्क खराब होत आलेली असू शकते, आणि ती गेली की सगळे दप्तर गेले. म्हणून सूनबाई आता हिशेबाची एक नक्कल पेनड्राईव्हवर काढून डब्यात ठेवते. दर दहा ओळींनी कंट्रोल आणि एस दाबते. वहीसुद्धा लिहिते.

आता एक जोखमीची गोष्ट. आमच्या शेजाऱ्यांनी याच वर्गात वाचायला शिकून घेतले. एका दुपारी ते हातात फोन घेऊन धावत आले. "गुरुजी, पडदा लाल झालाय, भोंगा वाजतोय, काही हलत नाही. त्यावर नंबर दिलाय, तो मी वाचला आन्‌ लावला बी." त्यांनी नंबर बरोबर वाचला होता, एकही आकडा चुकला नव्हता. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. म्हणत होता, तुमचा कॉम्प्युटर मी इथूनच सोडवतो, बँकेकडून एक आकडा येईल तेवढा सांगा. शेजाऱ्यांच्या खात्यात त्याच आठवड्यात कांद्याचे पैसे आले होते.

आम्ही त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. कॉम्प्युटर हँग झालेलाच नव्हता. इंटरनेटचे एक पान मुद्दाम सगळा पडदा व्यापून बसले होते. खऱ्या हँग झालेल्या पडद्यावर कुणाचा फोन नंबर कधी येत नाही. पैसे गेलेच असते, तर १९३० या सरकारी नंबरावर लगेच कळवायचे, जितके लवकर तितके बरे. हा नंबर वहीत लिहून घ्या. लिहिला? दाखवा.

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. तीन कळा दाबल्या, हजेरीपटातून इंटरनेटचे नाव काढले. भोंगा थांबला. पुन्हा इंटरनेट उघडताना 'मागची पाने उघडू का' असे विचारले, त्याला नाही म्हटले. मागे त्यांच्या पोराने उघडून ठेवलेली कांद्याची पट्टी जशीच्या तशी होती. शेजाऱ्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली आणि हमालीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, हे जास्त लावलंय."