मेणवलीच्या वाड्यात: स्वागताध्यक्षीय भाषण



कृष्णेच्या तीरावरील, पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांच्या या वाड्यात इतिहासविषयक व्याख्याने ऐकावयास आणि ग्रंथकारांशी वार्तालाप करावयास आपण वाट वाकडी करून आलात.

1768 साली औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली हे गाव नानांस इनाम दिले आणि त्यानंतर येथे सहा चौकांचा हा वाडा, नदीला लागून हा विस्तीर्ण घाट आणि शिव व विष्णू यांची देवालये उभी राहिली. वाड्याचे सागवानी खांब आणि भिंतींवरची चित्रे आपण पाहालच. परंतु ज्या वैभवाचा मला सर्वाधिक अभिमान वाटतो ते आज येथे डोळ्यांना दिसणार नाही; ते म्हणजे नानांचे दप्तर. ज्या पुरुषाने पेशवाईतील कारभाऱ्यांच्या ‘बारभाई’ कारस्थानापासून 1795 च्या निजामाविरुद्धच्या खर्ड्याच्या स्वारीपर्यंत मराठी राज्याचे सूत्र आपल्या लेखणीच्या टोकावर धरले, त्याची पत्रे, यादी आणि हिशेब येथे रुमालांत बांधून ठेवलेले होते. इतिहाससंग्राहक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी परिश्रमाने ते मिळविले, आणि पुढे ‘मेणवली दप्तर’ या नावाने ते पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले. तेथे ते सुरक्षित आहे, अभ्यासकांना उपलब्ध आहे, आणि याबद्दल कोणाविरुद्ध माझी यत्किंचितही तक्रार नाही. पण ज्या भिंतींच्या आत हे कागद जपले गेले, त्या भिंतींना त्यांचा शब्द पुन्हा ऐकू यावा, अशी मात्र माझी उत्कट इच्छा आहे, आणि हे संमेलन भरविण्यामागील खरा हेतू तोच आहे.

ही भूमी जुने कागद शोधण्याच्या कार्याला अपरिचित नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली प्रसिद्ध केला, त्यातील 1750 ते 1761 या कालखंडाची पत्रे वाईतच एका पेटाऱ्यात हाती आलेली होती. आणि त्या एका पेटाऱ्यातून पुढे बावीस खंडांपर्यंत विस्तारलेला उद्योग सुरू झाला. त्याही अगोदर, 1875 साली, न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि विद्या ही पाठशाळेच्या दाराआड न ठेवता नगरवासीयांपुढे मांडावयाची वस्तू आहे, ही रीत आपल्याकडे रूढ झाली. एकाने कागद शोधावे, दुसऱ्याने सभा भरवावी. या दोन परंपरांची गाठ जेथे पडते तेथेच सार्वजनिक इतिहासव्याख्यान खऱ्या अर्थाने जन्मास येते, असे माझे मत आहे.

एक उदाहरण सांगतो. नानांचे जे छोटे आत्मवृत्त उपलब्ध आहे, त्यात पानिपतच्या लढाईचा प्रसंग आहे. 1742 साली जन्मलेला हा मुत्सद्दी त्या वेळी अवघा अठरा वर्षांचा होता, तो आई व पत्नी यांच्यासह त्या स्वारीत होता, आणि त्या पळापळीत आई त्याला कायमची अंतरली. ज्याला पुढे इंग्रज वकीलही वचकून असत, त्या धोरणी कारभाऱ्याचे हे दुःख त्याच्याच शब्दांत, त्याच्याच वाड्याच्या सोप्यात, गावच्या शेतकऱ्याने आणि शाळेतल्या मुलीने ऐकले, तर त्या एका तासात जे घडेल ते वक्त्याच्या आवेशाने किंवा टाळ्यांच्या गजराने कधीही घडणार नाही. असेच दुसरे उदाहरण: घाटावरील देवळाजवळ जी मोठी घंटा टांगलेली आहे, ती वसईच्या 1739 च्या विजयाची खूण मानली जाते आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. रोज तिच्याखालून जाणाऱ्या मुलाला ती इथवर कशी आली हे सांगणारा कोणी भेटला, तर वसई जिंकणारे चिमाजीआप्पा त्याच्यासाठी केवळ पाठ्यपुस्तकातले नाव राहणार नाहीत.

म्हणून व्याख्यात्यांस माझी विनंती अशी की, प्रत्येकाने आपल्या व्याख्यानात किमान एक अस्सल कागद, मूळ मोडी लिपीतून वाचून, त्याचा अर्थ सावकाश उलगडून दाखवावा, आणि तो कोणत्या दप्तरात, कोणत्या रुमालात आहे हे श्रोत्यांस स्पष्ट सांगावे. ग्रंथकारांनी आपल्या कल्पनेने जोडलेले कोठे आहे आणि साधनांनी दिलेले कोठे आहे, ही सीमा निःसंकोचपणे दाखवावी. कादंबरीकाराचा अधिकार मी मुळीच नाकारीत नाही. पण वाड्याच्या उंबरठ्याच्या आत तरी ती सीमा पाळली जावी.

आणि वाई-मेणवलीकरांनो, आपल्या माळ्यावरच्या पेटीत एखादी सनद, खरेदीखत, कुळकर्ण्याच्या हातची पावती किंवा जुनी रोजकीर्द पडली असेल, तर उद्या सकाळी ती येथे घेऊन या. मोडी वाचणारे जाणकार येथे बसतील, आपल्यासमक्ष ती वाचतील, तिची नक्कल उतरवून घेतील आणि मूळ कागद तत्क्षणी आपल्याच हाती परत देतील.